बारा हजार फुटांवरचा सोमवार

१ जुलै २००६, शनिवार. ईडन प्रेरी, मुलाच्या घरी.
संजूचा गुडघा गेला. टेनिस. या वयात टेनिस. डॉक्टर म्हणाला दोन महिने डोंगरबिंगर विसरा. म्हणजे ऑगस्टातली रेनिअर डोंगराची चढाई कॅन्सल. पाच दिवस, चौदा हजार फूट, सगळं बर्फ, सोबत गाईड. बाप-लेक जाणार होते. रेवा वर्षभर पळत होती त्यासाठी. एकोणीस वर्षांची घोडी, पण सूनबाई म्हणते, एकटी पाठवणार नाही. पोरगी दार आपटून खोलीत.
मी म्हटलं, मी जाते.
संजू हसला. "आई, एकसष्ट झाली तुला. वर हवा विरळ असते."
"तुझ्या या बंद खिडक्यांच्या घरात कुठं दाट आहे?"

१६ जुलै, रविवार.
डॉक्टरीण म्हणाली हृदय ठणठणीत. पाठीवर वीस पौंड तांदूळ घेऊन संजूच्या ऑफिसचा जिना. सात मजले, दहा वेळा. वॉचमन धावत आला, मदत हवी का. रेवा म्हणाली, "शी इज ट्रेनिंग." गप परत गेला. लग्नाआधी रोज डोक्यावर पाटी घेऊन घाट चढायचे, तेव्हा कुणी ट्रेनिंग म्हणालं नाही.
गाईडच्या कंपनीने फोनवर वय विचारलं. रेवाने खरं सांगितलं. मग म्हणाले, आधी दोन दिवस शाळा. पास झाली तर वर.

११ ऑगस्ट, शुक्रवार. डोंगराच्या पायथ्याशी.
गाईड बाई आहे. केट. काटक, कमी बोलणारी. बरी वाटली. एका दोरीला चौघं: पुढे केट, मग मी, मग रेवा, शेवटी वॉल्टर. तो रिटायर पोस्टमन. तोंड बंद नाही.
बुटांना खाली लोखंडी दात. माझा पाय दोरीवर पडला. केट ओरडली, दात दोरी कापतात. मी वाकले, दोरीला हात लावून नमस्कार केला. सवय. कशाला पाय लागला की हात जातोच.
केटने रेवाला विचारलं, हे काय? रेवा लाजली, मग सांगितलं. केट म्हणाली, इतकी वर्षं शिकवतेय, दोरीला इतका मान कुणी दिला नाही. संध्याकाळी वॉल्टरचा पाय पडला तर तोही वाकून कपाळाला हात लावतोय. डावा हात. मी सुधारला.

१२ ऑगस्ट, शनिवार.
बर्फावर पडून घसरायचं आणि कुऱ्हाड रोवून थांबायचं. पाच वेळा पडले, पाच वेळा थांबले. कंबर बोलतेय, बोलू दे. पास.
केटचे नियम. दर थांब्याला खायचं, भूक असो नसो. अंगात काय होतंय ते खरं सांगायचं. गाईड एकच, म्हणून एक माघारी तर सगळी दोरी माघारी.

१३ ऑगस्ट, रविवार. वरचा तळ, दहा हजार फूट.
पोचलो. डोकं जड, बाकी ठीक. उद्या शिखर.
उद्या सोमवार. श्रावणातला. सतराव्या वर्षापासून एक सोडला नाही. बाळंतपणात नाही, हे गेले त्या वर्षी नाही. दिवसभर पाणी, सूर्य मावळला की जेवण.
रेवा म्हणाली, "आजी, केटचा नियम, उद्या दर थांब्याला खायचं. प्रॉमिस?"
हो म्हटलं.

१४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी एक, तंबूत.
दोरी मी खाली आणली.
रात्री एकला निघालो. पहिल्या थांब्याला चीज. खिशात. दुसऱ्याला चॉकलेटची वडी. खिशात. तोंड नुसतं हलवत राहिले, अंधारात कोण बघतंय. बारा हजारांवर फटफटलं. हातातून कुऱ्हाड सुटली ते मला कळलंच नाही, वॉल्टर ओरडला तेव्हा कळलं. केट आली. हातमोजा काढून बोटं बघितली. मग खिसा चाचपला. चीज, वडी, बिस्किटं. एकेक काढून बघत राहिली. मागे रेवा. तिला तिथेच आठवलं आज वार कोणता ते.
केट म्हणाली, खाली. एवढंच.
वरची धार उन्हाने लाल झाली होती. पोरीने एकदा बघितलं तिकडे. मग पाठ फिरवली.
तळावर आलो. बूट सोडताना म्हणाली, "यू लाइड टू मी, आजी. एका दोरीवर असताना." आणि, "सांगायचंस. आपण मंगळवार मागितला असता."
उपास माझा एकटीचा, शिखर तिघांचं गेलं.

तोच दिवस, तीन वाजता.
वाईट हवेसाठी एक दिवस राखलेला असतो. उद्याचा. केटने सांगितलं, रेवाने मराठीत केलं. मला तळावर एकटीला सोडता येत नाही. म्हणजे चौघं, नाहीतर कुणीच नाही. आणि म्हातारीने आत्ता खाल्लं तरच. सूर्य मावळेपर्यंत थांबली तर रात्री अंगात काही नसणार.
ऊन डोक्यावर. पुड्यातला भात, गरम पाण्याने फुगवलेला, मीठ जास्त. केट समोर उभी. खाल्ला. सगळा. चव्वेचाळीस वर्षांचा नेम भर उन्हात मोडला. महादेवाला काय वाटायचं ते वाटो. तो माझ्या दोरीला बांधलेला नाही. पोरगी आहे.

सहा वाजता.
रेवा पुन्हा ताटली घेऊन आली. समोर मांडी ठोकून बसली. गिळलं.
"आ कर."
लहानपणी ही औषधाची गोळी गालात लपवायची, तेव्हा मी आ करायला लावायचे. केलं आ. बेशरम, टॉर्च लावून बघितलं.
"जीभ उचल."
उचलली. हसली नाही. पण उठूनही गेली नाही. तिथेच आडवी झाली, माझ्याकडे पाठ करून.
वारा सुटलाय. तंबूचं कापड फडफड वाजतंय. केट म्हणाली, बारापर्यंत वारा पडला तर उठवीन, नाहीतर सकाळी सगळे खाली. बूट उशाशी घेतलेत. कोटाचे दोन्ही खिसे उलटे काढून ठेवलेत, तिला दिसतील असे.