कळा सुरू झाल्याची वेळ

प्रिय धाकटे,

तू शिवून पाठवलेला गाऊन अंगाला अगदी बरोबर बसला. माप न घेता शिवतेस, कमाल आहे बाई तुझी. माझं पोट सुटलंय हेसुद्धा तुझ्या नजरेतून सुटलं नाही. पण शिवणाचा क्लास तू बंद केलास तो केलासच. मागच्या महिन्यात आले तेव्हा खुर्चीवर प्लास्टिक घालून बसली होतीस आणि मला पाहताच उठून खिडकी उघडलीस. वास येतो का, असं विचारलं नाहीस. तीन वर्षं तुझी लघवी आपोआप गळतेय आणि मी, प्रसूतिगृहातली नर्स, तुला सांगत आले की बाळंतपणानंतर होतं असं कुणाकुणाला. एकदा तर म्हणाले, तुलाच नीट जोर लावता आला नाही. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

जोर तू लावलास गं, जीव तोडून लावलास. चूक माझी होती. आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीचा एक तक्ता असतो. त्यावर कळा सुरू झाल्याची वेळ लिहायची, मग बाळंतपण किती पुढे सरकलं त्याच्या तासातासाने खुणा करत जायचं. खुणा लाल रेघेपलीकडे गेल्या की गाडी बोलावून मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं. तुझ्या खुणांनी ती रेघ सकाळीच ओलांडली होती. पण एवढ्या बायकांची बाळंतपणं करणाऱ्या मला सख्ख्या बहिणीचं जमलं नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून मी वेळच खोडली. आदल्या संध्याकाळऐवजी सकाळचे सात लिहिले. खुणा रेघेच्या आत आल्या आणि तू आणखी दहा तास तशीच कळा देत राहिलीस. बाळाचं डोकं अडकून आत लघवीच्या पिशवीला जखम झाली ती त्यामुळे. पोरगी वाचली, तर सगळ्यांनी माझंच कौतुक केलं. मी ते निर्लज्जासारखं करून घेतलं.

आता ऐक. अशा जखमा शिवणाऱ्या डॉक्टरीणबाई सोमवारी इथे येणार आहेत. गेल्या खेपेला मी तुझ्या त्रासाचं विचारलं, तेव्हा त्यांनी तुझा तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, एवढ्या थोड्या वेळात अशी जखम होत नाही, खरं काय ते सांगा. मी सांगितलं, सगळ्या स्टाफसमोर. नोकरीचं व्हायचं ते होवो. जखम शिवता येईल म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वीही आली असती, हेही म्हणाल्या. त्या तुलाही कळा सुरू झाल्याची वेळ विचारतील, म्हणून आधी माझ्याकडून कळावं. माझं तोंड पाहायचं नसेल तर मी त्या दिवशी रजा टाकते, पण तू ये. त्यांना दाखवायचा तुझा नवा कागद मी भरून ठेवलाय, त्यावर वेळ आदल्या संध्याकाळचीच लिहिली आहे.

तुझीच,
ताई म्हणवून घ्यायची लाज वाटणारी