दाराखालची चार भोकं

६ नोव्हेंबर १९९३, शनिवार

गाडी बाहेर काढली! बत्तीस वर्षं छपराखाली राहिलेली माझी मॉरिस आज उघड्यावर उभी आहे आणि तिच्या जागेवर मी झोपतोय. गॅरेजला गालिचा घातलाय, नवी खिडकी बसवलीय, भिंतीला पिवळा रंग दिलाय. हेझल म्हणते, "डॅड, तुमच्या गुडघ्याला जिना झेपत नाही. तुम्ही आत, गाडी बाहेर. एवढं साधं आहे." साधं! बापाला गॅरेजात टाकलं आणि म्हणे साधं!

पलंग खिडकीला लावून दिलाय. डोळे उघडले की समोर गाडीच. जखमेवर मीठ चोळायचं ते पोटच्या पोरीनंच.

७ नोव्हेंबर, रविवार

वर आणखी अट घातली. मार्चमध्ये गाडीची वार्षिक तपासणी आहे. जेवताना बटाटे वाढत हेझल थंडपणे म्हणाली, "गंजामुळे नापास झाली तर विकायची. पुन्हा वाद नको." कॉलिन खाली मान घालून जेवत होता. जावई म्हणजे मुका बैल! मी म्हटलं, "तुझ्या आईची गाडी आहे ती." तर म्हणते, "मला ठाऊक आहे कुणाची आहे ते."

काटा खाली ठेवला आणि उठलो. समुद्र इथून तीन गल्ल्यांवर. वारा खारट. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी महापालिकेची लॉरी फिरायला लागलीच आहे. या गावात उघड्यावर दाराची कडी टिकत नाही, मग पत्रा कसा टिकणार? पण मीही काही कमी नाही. एक ठिपका गंज येऊ देणार नाही. बघाच.

९ नोव्हेंबर, मंगळवार

मेण लावलं. दोन हात. काठी टेकत टेकत पूर्ण सकाळ गेली. हिरवा रंग असा चमकतोय की टोपी नीट करून घ्यावी त्यात बघून. वर जाड प्लॅस्टिक घातलं, चाकांपर्यंत आणलं, दोरीने सगळीकडून आवळलं. हवा आत जाणार नाही, पाणी कुठलं जायला!

शेजारचा क्लिफर्ड स्टब्ज कुंपणावरून बघत होता. "विल्फ, फार घट्ट नाही का होत?" याला कुणी विचारलं होतं? जन्मभर बस चालवली, स्वतःची गाडी कधी घेतली नाही, आणि मला शिकवतोय.

१५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पडदा सरकवतो तर काय — दोरी सुटलेली, प्लॅस्टिकची एक बाजू वर दुमडून बॉनेटवर ठेवलेली! वारा दुमडत नाही. वारा फडफडवतो. हे माणसाचं काम.

पायजम्यावरच बाहेर गेलो. पुन्हा आवळलं. हेझल पहाटेच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, कॉलिन बोटीवर. राहिलं कोण?

१७ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा!

२२ नोव्हेंबर, सोमवार

आज मोठा शोध लावला. स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसून दारांच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत होतो, तर भोकं! डाव्या दाराला दोन, उजव्याला दोन. बत्तीस वर्षांत कधी दिसली नव्हती. पाणी शिरतं ते इथूनच! घरातली सगळी पुट्टी आणली आणि चारही भोकं ठासून बुजवली. वरून अंगठ्याने गुळगुळीत केली.

माझी बायको मेव्हिस आज असती तर तिला किती कौतुक वाटलं असतं. बिचारी दर ऑक्टोबरात एक दिवस गाडीखाली शिरायची, वासाचा कसला तरी डबा घेऊन. महायुद्धात लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या होत्या तिने, त्यामुळे तिला तो नाद. मी आत पेपर वाचत बसायचो. "विल्फ, चहा आण की बाहेर!" असं ओरडायची. मी म्हणायचो, "आत ये, मग पी." त्या डब्यात काय असायचं ते कधी विचारलं नाही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

पुट्टी उकरली! चारही भोकं मोकळी! डोक्यात अशी तिडीक गेली की काठी विसरून तसाच बाहेर धावलो. जमिनीवर बायकांच्या केसांचा आकडा सापडला. क्लिफर्डच्या डोक्यावर तर औषधाला केस नाही, मग आकडा कशाला? कुलूप उघडायला! गाडीवर डोळा आहे त्याचा.

पुट्टी पुन्हा भरली. पोस्टातून येताना नवी दोरीही आणली. वाटेत खाटकाने विचारलं, "विल्फ, आज पायी? गुडघा बरा दिसतो." म्हटलं, गुडघा गेला खड्ड्यात, मला दोरी हवी आहे.

८ डिसेंबर, बुधवार

भरतो, उकरतात. बांधतो, सोडतात. हेझलला सांगितलं तर म्हणते, "पोलिसांना सांगू या का?" आणि चक्क हसली. घरात माझी काही किंमतच नाही. तिच्या हातांना हल्ली मेंढीचा वास येतो. शाळेत रोज तेच बेचव मटण शिजवत असणार.

२५ डिसेंबर, शनिवार

टर्की कोरडी. पुडिंग बरं. मेव्हिसशिवायचा पहिला ख्रिसमस. मोजे मिळाले.

दुपारी झोप नाही आली. गाडीजवळ जाऊन उभा राहिलो आणि प्लॅस्टिकच्या आत हात घातला. आतून ओलं! घाम फुटल्यासारखं. वरून पाऊस नाही, खालून पाणी नाही, मग आलं कुठून? क्लिफर्डने आत पाणी मारलं असणार. दुसरं काय?

१ जानेवारी १९९४, शनिवार

नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला क्लिफर्ड कुंपणाशी आला. हातात त्याच्या बागेतले कांद्याच्या पातीसारखे, पण जाडजूड लीक. मी सरळ तोंडावर म्हटलं, "माझ्या गाडीला हात लावायचं थांबव, नाहीतर बघ!"

"मी? मी कशाला लावू?"

"मग काय भूत लावतं?"

तो लाल झाला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं आणि मिटलं. लीक कुंपणावर ठेवून निघून गेला. चोराचं तोंड असंच होतं! रात्री त्याच लीकचं सूप होतं. चांगलं झालं होतं, हे लिहायला लाज वाटते.

१६ जानेवारी, रविवार

हद्द झाली! ऊन पडलं होतं, मी चर्चमधून येतो तर हेझल नळी घेऊन चाकांच्या आतल्या बाजूला पाणी मारतेय! जानेवारीत! म्हटलं, "पाणी? गाडीवर? जीव घ्यायचाय का तिचा?"

"डॅड, शेजाऱ्यांच्या गाड्या जाऊन मिठाचा चिखल उडालाय. तो धुवायला नको?"

"मीठ राहू दे! पाणी नको!"

नळी हातातून हिसकून घेतली. मी भिजलो, तीही भिजली. ती मात्र माझ्याकडे अशी बघत होती की मला तिची आईच दिसली. क्षणभरच. मग म्हणाली, "कपडे बदला, सर्दी होईल," आणि आत गेली. नंतर बघतो तर चाकं धुऊन झाली होती. मी यायच्या आधीच.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

बर्फ. प्लॅस्टिकवरून झाडूने पाडला. कुणी आधीच अर्धा पाडला होता. क्लिफर्डला पश्चात्ताप झाला असेल तर माझं काही म्हणणं नाही, पण बोलणार नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

दोन आठवडे राहिले. झोप लागत नाही. नापास झाली तर? कुणी तरी पोरगा घेऊन जाईल, लाल रंग देईल. मेव्हिसची जागा डावीकडची. अजून तिथे गादी थोडी दबलेली आहे. मी तिथे कुणाला बसू देत नाही. हे कुणाला सांगायचं? सांगितलं की म्हणतील, म्हातारा हळवा झाला. त्यापेक्षा भांडलेलं बरं.

७ मार्च, सोमवार

पास!

पण लिहायचं आहे ते वेगळंच.

बंदराजवळच्या बर्नार्डच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. हेझलने रजा काढून चालवली. मला जाणं भाग होतंच, निकाल कानांनी ऐकायचा होता. हेझल समोर ब्रेड घ्यायला गेली आणि बर्नार्डने गाडी वर उचलली. हातोडीने खालचा पत्रा ठोकत गेला. टण, टण, टण. प्रत्येक ठोक्याला माझं काळीज तोंडात. मग हात पुसत म्हणाला, "विल्फ, पोट अगदी ठणठणीत. लोकरीची चरबी नीट लागलीय. हेझल आईच्या वळणावर गेली."

म्हटलं, "कसली चरबी?"

"मेंढीची! फासली की पत्र्याला गंज धरत नाही. महिन्याला एक डबा नेते माझ्याकडून. मेव्हिसही न्यायची, बत्तीस वर्षं. तुम्हाला माहीत नाही?" तो हसला. "मेव्हिस म्हणायची, विल्फ वरून चमकवतो, मी खालून सांभाळते. आणि ती दाराची भोकं बुजवायला कोण गेलं होतं? अर्धी पुट्टी अजून चिकटलीय. ती पाणी बाहेर जायला असतात, राव. काचेवरून उतरलेलं पाणी दारात साठलं तर आतून कुजतं. घट्ट प्लॅस्टिकचंही तेच. घाम धरतो पत्रा."

तिकडच्या डबड्यावर बसून राहिलो. हेझल ब्रेड घेऊन आली, माझं तोंड बघितलं आणि बर्नार्डकडे बघितलं. बर्नार्डने छताकडे बघितलं.

८ मार्च, मंगळवार

आज तिला गाठलं. चांगला तापलो होतो. "मला बनवलंस! त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला! चार महिने! एक शब्द बोलली असतीस तर?"

ती कप विसळत होती. मागे वळली नाही.

"बोलले असते तर तुम्ही 'बरं' म्हणाला असता आणि परत खुर्चीत जाऊन बसला असता. आई गेल्यावर सहा आठवडे उठला नव्हतात, डॅड. दाढी नाही, जेवण नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. मग एक दिवस मी गाडी धुवायला बाहेर काढली, दूधवाला तिला टेकून उभा राहिला आणि तुम्ही खिडकीतून ओरडलात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकला."

"म्हणून गाडी बाहेर काढलीस?"

"म्हणून पलंग खिडकीला लावला."

"आणि नापास झाली असती तर? विकणार होतीस?"

"नापास होऊ दिली असती होय मी?" मग वळली. डोळे लाल. "पहाटे साडेपाचला, त्या थंडीत, पाठीवर पडून! तुमची पुट्टी आईच्या आकड्याने उकरताना तिला काय काय सांगायचे मी, तुम्हाला काय माहीत!"

मला माझाच राग आला. बत्तीस वर्षं मी पेपर वाचत बसलो होतो.

९ मार्च, बुधवार

क्लिफर्डची माफी मागितली. टोपी काढून, कुंपणाशी, मोठ्याने. म्हणतो, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हेझलने दम दिला होता, शिव्या खा पण बोलू नकोस." लेकाचा! चार महिने शिव्या खाल्ल्या. आतल्या आत हसतही असेल. पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय.

हेझल म्हणते, आता गाडी पास झाली, कापडाचं सैल आवरण आणू, म्हणजे रोज सोडबांध नको. पहाटे उठायचीही गरज नाही, जरा झोपेन म्हणते. बरोबरच आहे तिचं. मी "बरं" म्हटलं.

१० मार्च, गुरुवार

दुपारी स्टुलावर बसून डाव्या दाराचं पुढचं भोक पुट्टीने बुजवलं. एकच, पहाटे उकरायला पुरेल एवढं. हेझल खिडकीतून बघत होती, मीही बघू दिलं.

घड्याळ सव्वापाचला लावलंय. दोन कप काढून ठेवलेत. चहा बाहेर नेणार आहे.