पियानो बरा केल्याची हकिगत

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो आहे. कमरेत उसण भरल्यामुळे सध्या लहानथोर सगळ्यांनाच माझा वाकून नमस्कार घडतोय.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली नुसती उशाशी ठेवून गुण येण्याची वाट बघतेस? फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस आणि ही हकिगत तीन वाक्यांत मावणारी नाही. तेव्हा चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच दाजींना वाचून दाखवू नकोस, ते नको तिथे हसतात.

तर आमची धाकटी. तिने आठव्या वर्षी माझ्याकडे पियानो शिकायला सुरुवात केली आणि आठव्याच वर्षी सोडला, हे तुला ठाऊक आहे. (फूटपट्टी मी फक्त टेबलावर आपटायचो, बोटांवर कधीच नाही. ती काहीही सांगो.) आता एकतिसाव्या वर्षी तिने स्वतःचं संगीत करायला घेतलं. बंद पडलेल्या एका लाँड्रीची जागा मिळवली, पाण्यात बुडालेल्या कुठल्याशा शाळेच्या तळघरातून एक पियानो ओढून आणला आणि जोडीला एक दंतवैद्य धरला. हा दंतवैद्य पियानो रीतसर शिकलेला, परीक्षा दिलेला, भिंतीवर पदकं लावलेला माणूस, आणि धाकटीच्या मते दोघांत तोच कच्चा. का, तर त्याची बोटं आपोआप बरोबर जागी जातात! त्यावर उपाय म्हणून तो दवाखान्यातले रबरी हातमोजे दोन-दोन जोड चढवून वाजवतो. मी सदतीस वर्षं पियानो सुरात लावतोय अक्का; हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल? मी तिला म्हटलं, आधी नियम शिक, मग खुशाल मोड. तर म्हणते, "बाबा, रडायला कुणाकडे शिकलात तुम्ही?" बोलण्यात ती तुझ्यावर गेली आहे.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी, सोमवारी, तिने मला लाँड्रीची किल्ली दिली. पियानोच्या पायाचं एक चाक निखळलं होतं, तेवढं बसवा म्हणाली. तेवढं! अगं, वैद्याला बोलावून नखं कापायला सांगण्यातला प्रकार. चाक वीस मिनिटांत बसलं. मग सहज झाकण उघडून आत डोकावलो तर काय, तारांमध्ये स्क्रू खुपसलेले, खोडरबराचे तुकडे, एक चहाचा चमचा, बाटलीचं बूच! निम्म्या तारा ढिल्या. एक पट्टी दाबली तर बादलीत घंटा पडल्यासारखा आवाज आला, दुसरी दाबली तर कुणी दाताखाली खडा फोडल्यासारखा. मला वाटलं, शाळेतल्या व्रात्य कार्ट्यांनी वाट लावली आणि बिचारी पोर हे असलं धूड घेऊन कार्यक्रमाला बसते आहे. माझं मन भरून आलं. सहा तास राबलो. सगळा कचरा उपसला, तारा ओढल्या, तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचा लोकरी नमदा टोचून मऊ केला, पट्ट्या पुसल्या. तेवीस स्क्रू निघाले, तेही आकाराप्रमाणे लावून मुरांब्याच्या बरणीत भरून ठेवले. (उसण तिथलीच.) असा सूर लागला होता अक्का, की मी स्वतःच टोपी काढून उभा राहिलो.

संध्याकाळी ती आली. मी शेजारी, बक्षीस घ्यायला उभ्या असलेल्या पोरासारखा. तिने एक पट्टी दाबली, मग दुसरी. मग ती सावकाश फरशीवर बसली. ओरडली नाही, आणि तिथेच मी घाबरलो. खालूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही हा बरा केलात." सात महिने लागले होते तिला तो आजार जमवायला! कुठला स्क्रू कुठे, किती खोल, कुठली तार किती ढिली, सगळं कानाने, आणि कागदावर अक्षर नाही. दंतवैद्य मागाहून आला, बरणी बघितली आणि हळहळून म्हणाला, "सगळे दात काढलेत?"

मंगळवारी सकाळी माझी हत्यारांची बॅग घेऊन तिच्या आधी लाँड्रीत हजर झालो. तिच्या फोनमध्ये सरावाची ध्वनिमुद्रणं होती. ती लावायची, मी ऐकायचं आणि सांगायचं: ही तार पाव सुराने उतरलेली आहे, हिला तिसऱ्या हिश्शावर काहीतरी लोखंडी टेकतंय, ही रबराने दबली आहे. हे मला येतं. चुकीचं काय आहे हे ओळखण्यावरच माझं पोट चाललंय. पण अगं, बरोबर सूर लावणं सोपं असतं, तो एकच असतो. चुकीचे हजार, आणि तिला त्यातला नेमका एकच हवा! मी स्क्रू केसभर सरकवला की ती डोळे मिटून म्हणायची, "अजून जरा. अजून. हां... नाही, आता मेला." पहिल्या दिवशी वाटलं, नखरे आहेत. दुसऱ्या दिवशी मीच डोळे मिटून ऐकायला लागलो आणि कळलं की ती म्हणते तिथे तो खरंच मरतोय. त्या वेड्यावाकड्या सुरांचं आपसात गोत्र जुळत होतं. एकाच्या मागून दुसरा असा निघायचा की तिसरा कुठला येणार ते आतून समजायचं. तिच्या आठव्या वर्षी फूटपट्टी आपटताना मला या पोरीचा कान दिसला नव्हता. (तेव्हा मी तिची बोटंच बघत होतो.) हे मी तिला सांगितलं नाही. फक्त चहा मी केला, तोही न सांगता, आणि ती ओळखून हसली.

गुरुवारपर्यंत सगळं जमलं. एकच सूर काही केल्या परत आला नाही. अकरा वेळा केला, अकराही वेळा वेगळाच. शेवटी वैतागून मी चमचा कसाही ठोसला, तर एक भलताच, नाकात बोलल्यासारखा आवाज निघाला. मी काढणार तेवढ्यात ती म्हणाली, "राहू दे. हा तुमचा."

शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम. खुर्च्या दंतवैद्याच्या दवाखान्यातून आणलेल्या, त्यामुळे बसल्याबरोबर लोकांचे चेहरे आपोआप गंभीर झाले. एकोणीस माणसं मोजली. सुरुवात छान झाली (छान हा शब्द मी विचार करून लिहितोय) आणि दहाव्या मिनिटाला फाडकन आवाज होऊन मधल्या सप्तकातली एक तार तुटली. चार दिवस तिला ओढून-सोडून मीच दमवली होती. लोकांना वाटलं, हेही संगीतच. धाकटीने वाजवणं न थांबवता माझ्याकडे बघितलं आणि मानेनेच मला पुढे बोलावलं. काय करणार? बॅग उचलली आणि उठलो. सगळ्यांसमोर तार चढवली, किल्ली लावली, ओढायला लागलो. नवी तार ती. रेड्यासारखी रेकत वर यायची, टिकायची नाही, घसरायची. मी पुन्हा ओढायचो. आणि ती जिथे घसरेल तिथे धाकटी खालून दुसरा सूर ठेवायची, जणू पडणाऱ्याखाली गादी सरकवावी. मग मलाही चेव आला. तार लागत आली तरी मी मुद्दाम थोडी सोडली. सदतीस वर्षं यजमान मला म्हणत आलेत, लवकर आटपा, पाहुणे यायचेत. त्या दिवशी पाहुणे आलेले होते आणि कुणालाही घाई नव्हती. शेवटी सूर लागला तेव्हा दंतवैद्याने एक हातमोजा काढून डोळे पुसले, आणि लोक उभे राहिले.

माझं मत मात्र बदललेलं नाही. शिकल्याशिवाय काही येत नाही. कोण कुठे शिकलं हे आपल्याला दरवेळी कळत नाही, इतकंच.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा भाऊ

ता.क. : पुढच्या महिन्यात दुसरा कार्यक्रम आहे. त्यात मला सात मिनिटं दिली आहेत, एकट्याला. फुशारकी म्हणून सांगत नाही, पण सांगतोय.

ता.क. २ : तुझ्या बैठकीच्या खोलीतला पियानो, ज्यावर तू कुंड्या आणि नातवंडांचे फोटो ठेवतेस, तो दोन महिन्यांसाठी हवा होता. जसा नेईन तसाच परत आणेन. निदान बाहेरून.

ता.क. ३ : हे पत्र घेऊन आलेले सज्जन गृहस्थ म्हणजेच दंतवैद्य. त्यांना पाणी दे. कुंड्या उतरवायला ते मदत करतील. टेंपो दारात उभा आहे, मी त्यातच बसलो आहे, आणि तुझं वाचून झाल्याची खूण मिळाल्याशिवाय उतरणार नाही.