दाखला मंजूर

९ खुर्दाद, फसली १३३१. सकाळी.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. आपण लवकरच त्यांच्यात मोडणार, तेव्हा हात बसलेला बरा. तारीख हैदराबाद सरकारच्या पद्धतीनेच घालणार. आईने विचारलं, खुर्दाद म्हणजे काय रे. चैत्र, म्हणून सांगितलं. मग चैतच लिव की, म्हणाली. या घरात पुढे जाणं अवघड आहे.

कालची बातमी: मॅट्रिक पास! तिसऱ्या खेपेला, पण पास तो पास. नगरच्या मामांकडे सात वर्षं काढली. मामी म्हणाल्या, सुटलो. माझ्यासाठीच म्हणाल्या असणार.

संध्याकाळी.

आप्पांपुढे विषय काढला. हैदराबादेत नवी युनिव्हर्सिटी निघाली आहे. तिथे बी.ए. होणार. आप्पा बैलाच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, पंचमीपस्तोर वाट बगू. हैदराबादचा कागद आला तर हैदराबाद, न्हाई आला तर कोळपं.

कोळपं! बैलांच्या मागे जन्मभर बाजरीतलं तण काढायचं. या हातांनी? पंचमीला साडेतीन महिने आहेत. मला तीन आठवडे पुरेत.

११ खुर्दाद.

युनिव्हर्सिटीत सगळं उर्दूत शिकवतात, सायन्ससुद्धा. नगरला आमचं सगळं मराठीत आणि इंग्लिशात. पण मला उर्दूची भीती नाही. हुजूर, मंजूर, जरूर, तारीख, हजर, कागद, सगळे आपलेच शब्द. उर्दू म्हणजे मराठीच, फक्त उजवीकडून लिहिलेली.

तरी लिपीपुरतं मुन्शीजींकडे जाणार. ते चावडीशेजारी राहतात. तहसिलीत तीस वर्षं कारकुनी केली, आता बकऱ्या राखतात. चाळीस दिवसांत तयार होतो, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, चाळीस दिवसांत बकरीसुद्धा हाकेला ओळखत नाही. म्हातारपण.

१९ खुर्दाद.

फॉर्म आला! रामहरी डाकवाला आठवड्यातून एकदा गेवराईहून येतो. त्याने चावडीवर सगळ्यांदेखत हाक मारून दिला. अर्धा गाव बघत होता. मी मुद्दाम सावकाश फोडला.

फॉर्म उर्दूत आहे. बराचसा वाचता आला. नाम, कळलं. उम्र, कळलं. पुढे एक रकाना 'सकूनत'. सुकून म्हणजे शांती, एवढं मला येतं. म्हणजे मुलाचा स्वभाव शांत आहे का, असं विचारलंय. मी लिहिलं, 'उत्तम'.

२१ खुर्दाद.

मुन्शीजींना फॉर्म दाखवला, ही चूक झाली. सकूनत वाचून ते इतके हसले की बकऱ्या उठून उभ्या राहिल्या. सकूनत म्हणजे राहण्याचं ठिकाण, म्हणे. आता हैदराबादचे लोक नकाशात उत्तम नावाचं गाव शोधत बसतील, म्हणाले. दोन-तीन गावकरी होते तेही हसले. त्यांना तरी काय कळतं!

म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून खोडून 'उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड' असं केलं. पण त्यांची उर्दू जुनी आहे, तहसिलीची. युनिव्हर्सिटीची निराळी असणार. आजपासून शिकवणी बंद. त्यांच्या दारात पुन्हा पाऊल नाही. दहा दिवसांत मला बहुतेक सगळं आलंच आहे.

२२ खुर्दाद.

'उर्दू येते का' या रकान्यात 'बखूबी' लिहिलं, म्हणजे उत्तम प्रकारे. शब्द शोभतो.

२४ खुर्दाद. फार वाईट दिवस.

फॉर्मसोबत नगरच्या शाळेचा दाखला जोडायचा आहे. ट्रंकेत नाही. कपड्यांत नाही. आई म्हणाली, त्यो कागद व्हय? मी नगरहून आलो त्या दिवशी तिने उरलेले धपाटे त्यातच गुंडाळून बायनाबाईला दिले. बायनाबाई शेजारीण. धावत गेलो. दाखला चुलीमागे सापडला. हेडमास्तरांच्या सहीवर तेलाचा डाग, कलेक्टरच्या शिक्क्याएवढा.

आई म्हणाली, वाचाया येतंय की. येतंय. पण युनिव्हर्सिटी आहे ती, बायनाबाईचं माजघर नाही! नवा दाखला मागवला तर महिना जाईल, आणि हेडमास्तरांचं तोंड पुन्हा बघायचं नाही. राख लावली. डाग पसरला. खडू लावला. आता डाग दोन रंगांचा झाला आहे.

२६ खुर्दाद.

फॉर्म आणि दाखला रवाना. नारळ फोडला. सगळं ठीक आहे. काळजी एकच, दाखला. बाकी माझ्यासारखा मुलगा ते कशाला सोडतील.

३ तीर. सरकारी महिना बदलला. ऊन फार.

धारूरच्या सुग्रीवचं कार्ड. नगरला माझ्याच वर्गात होता, पहिल्या खेपेला पास झाला. त्यात विशेष काही नाही, काहींचं नशीब लवकर संपतं. त्यानेही फॉर्म भरलाय. कसं निभावेल बिचाऱ्याचं? उर्दू येत नाही, साधा शब्द अडला तरी कुणालाही विचारत सुटतो. स्वाभिमान नाही.

९ तीर.

शेरवानी शिवायला टाकली. शिंपी म्हणाला, लग्न कवा हाय. युनिव्हर्सिटीसाठी, असं सांगितलं. तो म्हणाला, पोरीकडचे कुठले.

१२ तीर.

पत्र नाही. दाखल्याच्या डागाची स्वप्नं पडतात. आप्पांनी कोळप्याची फास धार लावायला दिली. मला दाखवून दिली.

२६ तीर. दुपारी.

आलं! हैदराबादचं पत्र!!

वर लाल शिक्का. खाली दोन ओळी हाताने लिहिलेल्या, कचेरीतलं ते घाईचं वळण, मुंग्या पळाव्यात तसं. त्याखाली बरंच छापील. मी हाताची अक्षरं अर्धा तास लावत बसलो आणि लावली. माझं नाव. मग 'दाखला'. मग 'मंजूर'.

दाखला मंजूर! तेलासकट! जीव भांड्यात पडला. महिनाभर घोर लागला होता तो त्या एका कागदाचा, आणि त्यांनी चालवून घेतला. थोर लोक. आता ॲडमिशनचं पत्र तेवढं यायचं. छापील मजकूर वाचला नाही. छापील सगळ्यांना सारखंच असतं, त्यात आपल्यासाठी काही नसतं.

संध्याकाळी.

आईने घोळ घातला. पत्र बघताच म्हणाली, झालं काम. देवघरात नेलं, हळदकुंकू वाहिलं, आणि बायनाबाईपासून चावडीपर्यंत गूळ वाटला. मी सांगून थकलो, अगं हे फक्त दाखल्याचं आहे, खरं पत्र अजून यायचंय. ती म्हणाली, लाल शिक्का हाय, काम झाल्याबिगर सरकार लाल शिक्का मारतंय व्हय. अक्षर ओळखत नाही आणि पत्राचा अर्थ सांगते. चारचौघांत ओशाळवाणं झालं.

आप्पांना नीट समजावलं. ते म्हणाले, म्हंजी अजून न्हाई. मी म्हणालो, अर्धं झालं. ते म्हणाले, अर्ध्याचं काय करत्यात.

२८ तीर.

आई म्हणते, मुन्शीजींकडून एकदा वाचून घे. हसू आलं. ज्याला सकूनत धड सांगता येत नाही, त्याच्याकडून? शिवाय ते हसतील.

५ अमरदाद.

सुग्रीवचं कार्ड. शब्दशः: 'माझा दाखला झाला. दहाला निघतो. तुझाही झाला असेलच. परभणीच्या स्टेशनावर भेट, बरोबर जाऊ.'

वाचून वाईट वाटलं. नुसता दाखला मंजूर झाला आणि हा मनुष्य ट्रंक घेऊन निघाला! हैदराबादला जाईल, दरवाजावर उभा राहील, पत्र कुठंय म्हणून विचारतील, मग काय दाखवणार? ताबडतोब उत्तर लिहिलं: घाई करू नकोस, दाखला वेगळा, ॲडमिशन वेगळी, खरं पत्र येईपर्यंत घरी थांब, असे फार लोक फसतात. मोठ्या भावासारखं लिहिलं. रामहरी म्हणाला, हे कार्ड धारूरला दहाच्या आत पोचत न्हाई. पोचलं असतं तर बरं झालं असतं.

१४ अमरदाद. पाऊस.

पत्र नाही. शेरवानी आली. बाह्या लांब आहेत. घरात घालून बसलो, सवय म्हणून. आदाब करायची सवयही करतोय. बायनाबाईने विचारलं, हाताला काय झालंय.

२० अमरदाद.

पत्र नाही. पेरण्या झाल्या.

२१ अमरदाद.

रजिस्ट्रारना स्मरणपत्र धाडलं, माझ्याच उर्दूत. मजकूर असा की दाखला मंजूर केल्याबद्दल आभारी आहे, आता ॲडमिशनचं कधी कळवता. भाषा फार चांगली उतरली. वाचणारा उठून उभा राहील.

६ शहरेवर.

उत्तर नाही. बाजरी उगवली. हिरवीगार दिसते. दिसू दे.

१५ शहरेवर.

आई म्हणाली, तिरमक, तू आत्ता हैदराबादेत पायजे व्हतास असं माझं मन म्हंतंय. मी चिडलो. पदवीधराला तिरमक म्हणत नाहीत, त्रिंबक म्हणतात. नंतर उगाच चिडलो असं वाटलं. तिने ताटात दही जास्त वाढलं.

२१ शहरेवर.

सुग्रीवचं कार्ड. हैदराबादचा शिक्का. परत पाठवल्याचं लिहिलं असणार, म्हणून सांत्वनाची वाक्यं मनात तयार करूनच वाचायला घेतलं.

त्याने लिहिलंय: 'बोर्डिंगात खोली मिळाली. तू आला का नाहीस? फळ्यावरच्या यादीत तुझं नाव माझ्या वर तीन होतं. तारीख उलटली तशी त्यांनी रेघ मारली. मी साहेबांना विनवून पाहिलं. आजारी आहेस का?'

माझ्या वर तीन.

काहीतरी चुकतंय. दुसरा कुणी त्रिंबक असेल. गोंधळ हैदराबादलाच झालेला असणार, मोठ्या ठिकाणी होतो. उद्या पाहू.

२३ शहरेवर.

देवघरातून पत्र काढलं आणि मुन्शीजींकडे गेलो. तीन महिन्यांनी. त्यांनी बसायला घोंगडी टाकली.

पत्र हळदीने पिवळं झालेलं, छापील ओळींवर कुंकू. त्यांनी चष्मा लावला, कुंकू नखाने हळूच खरवडलं आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. या वेळी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

मी घाईने म्हणालो, दाखला मंजूर आहे ना, म्हणजे शाळेचा. ते म्हणाले, शाळेचा कागद तो मराठीतला दाखला, बाबा. उर्दूत दाखिला म्हणजे दाखल होणं. मग खालचं छापील वाचून दाखवलं: अमरदादच्या वीस तारखेपर्यंत स्वतः हजर व्हावे, न झाल्यास जागा दुसऱ्यास दिली जाईल.

वीस अमरदाद. त्या दिवशी मी इथे बसून 'पत्र नाही' असं लिहिलं होतं. मागे उलटून बघितलं. लिहिलंय.

निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तुमकु ले लिये थे, बाबा. ते शेवटचं 'थे' मला बरोबर कळलं. तेवढी उर्दू येते मला.

नागपंचमी.

आज सरकारी तारीख घालावीशी वाटली नाही.

सकाळी आप्पा ओसरीवर आले. पंचमी आली, एवढंच म्हणाले, आणि थांबले. पत्र माझ्या खिशात होतं. सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तोंडातून निघालं, त्यांनी नाकारलं.

वाटलं होतं, आता ऐकवतील, तीन खेपांची मॅट्रिक काढतील, शेरवानी काढतील. ते माझ्या शेजारी बसले, जे ते कधी बसत नाहीत. म्हणाले, जाऊ दे. तेन्ला पारख न्हाई. एवढं शिकल्यालं पोरगं घ्याया काय झालं व्हतं तेन्ला. हैदराबादचे लोक लई माजलेत. असं बराच वेळ बोलत राहिले. माझ्या बाजूने ते आयुष्यात पहिल्यांदा भांडले, आणि ज्यांच्याशी भांडत होते त्यांचा काहीच गुन्हा नव्हता. मी मान हलवत राहिलो.

पत्र परत देवघरात ठेवायला गेलो तर आई वारूळ पूजून आलेली. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, मला तर वाटलं व्हतं, झालं काम. तिने पत्राला नवं कुंकू लावलं.

आज पंचमी. आज कुणी जमिनीला लोखंड लावत नाही. कोळपं उद्या.