लाईन सोडणारा

सोम. ८ डिसें.
आज परत तेच. वीर स्टेशनला रिक्षांच्या लाईनीत माझा दुसरा नंबर. गाडी लेट. पुढे सद्याची रिक्षा. त्याच्याशी कशावरून तरी वाजलं, आता आठवतही नाही. रिक्षा चालू केली आणि रिकामीच महाडला निघालो. दासगावला पोचतोय तर मागे गाडीचा भोंगा. लाईन सोडली की परत शेवटचा नंबर. दिवस गेला.

संध्याकाळी मृणालचा मेसेज. तीन आठवड्यांनी. "शनिवारी पनवेलहून येतेय. रविवारी बघायला येणारेत, खेडचे. वीरहून महाडपर्यंत तुझ्या रिक्षात बसेन, पुढे घरी पोलादपूरला एस.टी.ने. तेवढ्यात काय ते बोल. घरी काय सांगायचं ते मग ठरवते."

शेवटच्या फोनवर तिने फक्त विचारलं होतं, राहिलेलं वर्ष कधी पूर्ण करतोस. मी म्हणालो, "जा, कोण नको मला." वर ब्लॉकही केलं. दोन दिवसांनी काढलं.

मंगळ. ९
झोप नाही. आठवत बसलो.
कॉलेज: सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं काही खरं नाही. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी जर्नल फाडलं. परत गेलोच नाही.
एमआयडीसी: पर्मनंट करणार होते त्याच आठवड्यात सुपरवायझरची कॉलर.
मृणाल.
म्हणजे व्हायची वेळ आली की मीच. दर वेळी.

आई कोणालाही सांगते, "आमचा निख्या म्हंजे मिरची. बापावर गेलाय." मला आवडायचं ते ऐकायला. तापट माणूस. नाक्यावर पण भडक्याच म्हणतात. आज आई शेजारणीला तेच सांगत होती तर वाटलं, गप बस ना गो आई, जरा वेगळं काहीतरी बोल.

बुध. १०
करीमचाचांनी बोलावलं. स्टेशनची लाईन तेच बघतात. चिंचेला पाटी टांगलेली, येईल त्याचं नाव खडूने लिहायचं, गेला की पुसायचं. वीस वर्षं त्यांच्या शब्दावर चाललंय.
"मुलीकडं जायचंय, तिचे दिवस भरलेत. सोमवारपर्यंत पाटी तू धर."
मला हसू आलं. सद्या मागून, "चाचा, चोराच्या हातात चाव्या!"
चाचा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "लाईन सोडायची कळ कुठून येते ती यालाच ठाऊक." मग मला, "तुला राग येत नाय रे. गाडी आली नाय तर काय, ह्याची भीती वाटते तुला. म्हणून आधीच पळतोस."
उलट बोलणार होतो. पण खडू हातात दिला होता.

शुक्र. १२
काल एक जण मधेच घुसला. माझा हात त्याच्या कॉलरपर्यंत गेला, मग पाटी आठवली. ओरडलो भरपूर. पण नाव शेवटीच लिहिलं आणि तो गेला मागे, शिव्या देत.
आज गाडी सव्वा तास लेट. पाय नुसते वळवळत होते. पण पाटीवाला जाणार कुठे?
सद्या आला, "पाटीवाले, आमचा कितवा?" भडक्या नाही म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदा. घरी येईपर्यंत तेच कानात.
उद्या मृ. काय बोलायचं ते ठरवलंय. फॉर्म भरणार. वर्ष पूर्ण करणार. थांब एवढं वर्ष. बस.

शनि. १३
उतरली. निळी बॅग. बारीक झालीय.
सरळ माझ्याकडे आली. "नंबर कितवा तुझा?"
"चौथा. पहिला सद्याचा."
सद्याला सगळं ठाऊक. म्हणाला, "ने रे तूच. कोण काय बोलत नाय." बाकीचे दोघंही माना हलवत होते.
मी म्हणालो, "नाय. नंबर तुझा. पाटी माझ्याकडं हाय."
मृ.ने पाटीकडे बघितलं. कॉलेजात तिची जर्नलं मी लिहायचो. "अक्षर तुझंच," म्हणाली. आणि सद्याच्या रिक्षात बसली.
मागे वळून बघितलं की नाही ठाऊक नाही. मी सद्याचं नाव पुसत होतो.

रवि. १४
काल संध्याकाळपर्यंत छाती फुगलेली. लाईन सांभाळली, मी बदललो वगैरे. जेवताना लक्षात आलं.
सगळे जा म्हणत होते. पाटी पाच मिनिटं कोणाच्याही हातात देता आली असती. सुचलंच नाही. का सुचू दिलं नाही?
या वेळी कॉलर नाही धरली, नियम धरला. पण पळालो तसाच.
आज त्यांच्याकडे पाहुणे. पोलादपूरच्या बाजूला तोंड करून बसलो होतो दुपारभर. मूर्खासारखा.

सोम. १५
मेसेज. "पाहुणे येऊन गेले. उद्या सकाळी परत जातेय." बस. हो म्हणाली की नाही, काही नाही. कोणाच्या रिक्षात बसणार तेही नाही.
चाचा आले. नातू झाला. पेढा दिला, पाटी परत घेतली. शनिवारचं सांगितलं त्यांना.
विचारलं, "चाचा, लाईनीत कोणासाठी थांबता येतं?"
"का नाय येणार? मागच्याला पुढं सोडायचं. घुसायला बंदी हाय. मागं राहायला कोण अडवतंय तुला?"
सहा वर्षं लाईनीत. हे कधी विचारलंच नव्हतं.

मंगळ. १६
सकाळी सातपासून महाड स्टँडबाहेर, वीरच्या रिक्षांच्या इकडच्या लाईनीत. थंडी आहे. चाचाही सकाळी इकडेच आले होते, त्यांना म्हटलं, चावी तुमच्या खिशात ठेवा, मला माझा भरवसा नाही. त्यांनी घेतली, हातात खेळवली, परत माझ्या तळव्यात ठेवली. "तुझी तू सांभाळ." आणि गेले चहाला.
माझा नंबर आला. मागच्याला पुढे सोडलं. परत आला. परत सोडलं. सद्या म्हणतो, "काय रे, आज उपास का?"
पोलादपूरहून दोन एस.टी. येऊन गेल्या. दोन्हींत नव्हती. मेसेज नाही. वीरहून तिची गाडी सुटायला पाऊण तास.
पाय वळवळतायत. चावी मुठीत गरम झालीय. रिक्षा बंद आहे.
तिसरी एस.टी. वळतेय.