कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

दादा,

लहानपणी तुला शाळेबाहेर ठेवलं आणि मला कारखान्याबाहेर. आपल्या दोघांनाही अर्धंच शिकवलं!

गेल्या आठवड्यात कारखान्यातल्या चालू पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाशी धरून तू म्हणालास, "छोटे, बेअरिंग रडतंय." मी इंजिनिअर! चारचौघांत मी तुला हसले, "दादा, डिग्री काय कानात असते?" तू काम सोडून गेलास.

आज पंप उघडला. बेअरिंग फुटलेलंच होतं. का फुटलं ते मी गणिताने शोधलं: पंपाचा फिरता दांडा तिरका बसला होता. पण तुला ते आठवडाभर आधी ऐकू कसं आलं? एकाही पुस्तकात सापडेना.

सभा गाजवणारी माझी जीभ माफी मागताना अडखळते. हे पत्रही बहुधा खणातच राहील. तरी सोमवारी कामावर ये, आणि तो स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाला लाव.

तुझी अर्धशिक्षित,
छोटी