दारापर्यंत आलेली गाडी

दि. ६ मार्च, दुपार

प्रिय भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नसेल. माझंच आहे. तुम्ही हॉस्टेलवर होतात तेव्हा मी तुम्हाला पत्रं लिहायचे, त्यानंतर आज लिहायला बसले. तुम्ही, जाऊबाई आणि मुली खुशाल असाल. धाकटीच्या दातांना तार लावल्याचं कानावर आलं. सवय होईपर्यंत तिला मऊ खायला द्या आणि चिडली तर चिडू द्या.

इकडे वरच्या गल्लीतला पाण्याचा पाइप फुटला होता, तो एकदाचा जोडला. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी घर विकायला काढलंय. बघायला येतात ते आधी विचारतात, बस कुठून मिळते? बाई खोटं बोलत नाहीत, त्यामुळे घर अजून त्यांचंच आहे. बस वळायची ती मोकळी जागा तुम्हाला आठवत असेल. तिथे आता मुलं सायकली फिरवतात. थांब्याच्या छपराखाली कोणीतरी फाटका सोफा आणून टाकलाय. किराणावाला दुपारीच दुकानाचं शटर ओढून घेतो. गिऱ्हाईक बसमधून उतरायचं, बसच नाही तर बसून काय करू, म्हणतो.

मी शिवणकारखाना सोडला हे तुम्हाला ठाऊक नसेल. म्हणजे सोडला कसला, सुटला. पहाटेची पहिली फेरी बंद झाली आणि काज-बटणाच्या टेबलावरच्या आम्हा वस्तीतल्या सगळ्याजणी रोज उशिरा पोचायला लागलो. मालक माणूस वाईट नाही. त्याने दोन महिने सांभाळून घेतलं, मग मान खाली घालून सांगितलं. आता घरीच वरच्या शाळेचे गणवेश दुरुस्त करते. हात चालू राहतात.

तुम्हाला सभागृहातला तो दिवस आठवतो का? मला रोज आठवतो. तिकीट वाढून वर्ष झालं होतं. परवडत नाही म्हणून माणसं पायी जायला लागली, आणि माणसं कमी झाली म्हणून तुमच्या कचेरीने आमचा मार्गच बंद करायचं काढलं. हरकती ऐकायला सगळ्यांना बोलावलं होतं. तुम्ही मंचावर, साहेबांच्या शेजारून दुसऱ्या खुर्चीत बसला होतात. निळा शर्ट मीच दिलेला. माझी पाळी आली तेव्हा तुम्ही पाण्याचा पेला उचललात आणि मी बसेपर्यंत तो खाली ठेवला नाहीत.

मी घरून पुष्कळ ठरवून आले होते. माझ्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा मोठ्या इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, ही बस गेली तर तो जाणार कसा, एवढंच विचारायचं होतं. पण निघताना तुमच्या दादांनी मला दारात अडवलं. म्हणाले, काय बोलायचं ते बोल, पण माझं नाव काढू नकोस, साहेबांसमोर पोराची मान खाली जाईल. तुम्ही चाळिशी ओलांडलीत तरी ते तुम्हाला पोरच म्हणायचे. म्हणून मी माइकवर नुसतं म्हणाले, "बस बंद करू नका," आणि खाली बसले. मागे कोणीतरी हसलं.

त्या आठवड्यात तुमचा फोन आला. सरकारने अनुदानच थांबवलंय, आमच्या हातात काही नाही, पण आजारी माणसांसाठी घरून ने-आण करणारी छोटी गाडी सुरू करतोय, थोडा धीर धरा, असं तुम्ही सांगितलंत. तुम्ही मनापासून बोलत होतात. यांनी फोन ठेवला आणि वस्तीत सगळ्यांना सांगत सुटले, माझा भाऊ गाडी आणतोय. त्या गाडीचं पुढे काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आम्हाला कोणी कळवलं नाही. तुमचाही फोन पुन्हा आला नाही.

सुरुवातीला खालच्या गल्लीतला सुतार आपल्या टेम्पोतून सोडायचा. मग त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला काम मिळालं. टॅक्सी महिनाभर केली, त्यात यांची अवजारं गेली. जन्मभर दुकानोदुकानी फिरून शिवणयंत्रं दुरुस्त केली, ती अवजारांची सगळी पेटी विकली गेली. मी रडले, तर मला म्हणाले, आता मीच यंत्रावर चालतो, मला अवजारं कशाला? नंतर आम्ही उतार उतरून पुलाच्या पलीकडच्या थांब्यापर्यंत चालत जायला लागलो. जाताना हे गप्पा मारायचे. कपडे धोब्याकडे टाकतात तसं रक्त टाकून येतो, म्हणायचे. येताना मात्र अंगात काही उरलेलं नसायचं, आणि येताना चढ असतो.

एका संध्याकाळी परतताना पुलापर्यंतचीही बस आली नाही. रद्द झाल्याचं कोणी सांगितलं नाही, उभे राहून राहून आम्हालाच कळलं. चालत निघालो. पूल कसाबसा ओलांडला. चढाला लागल्यावर हे प्रत्येक फाटकाला धरून थांबायला लागले. शेवटी एका घरासमोर पाय दुमडले आणि खालीच बसले. त्या घरातल्या बाई बाहेर आल्या. काही न विचारता त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून फुटपाथवर ठेवली, पाणी दिलं. तुमचे दादा परक्याच्या खुर्चीत, रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर बसले होते. कॉलरचं वरचं बटण लावत म्हणाले, "आता पुरे."

मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणतायत.

पुढच्या खेपेला ते उठलेच नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी हात जोडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. शेजारच्या बाईंना समजवायला आणलं, तर त्यांच्याशी घराच्या किमतीवर बोलत बसले. इस्पितळातून नर्सताईंचा फोन आला तो यांनीच घेतला आणि गोड आवाजात सांगितलं की आम्ही गावाला आलोय, इकडेच सोय झालीय. पायांवर सूज चढली. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशा रचून बसवायचे. त्या दिवशी मी तुम्हाला फोन लावायला घेतला. तुमच्याकडे कचेरीची गाडी आहे, तुम्ही धावत आला असतात, हे मला माहीत होतं. यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

म्हणाले, "त्याला बोलावू नकोस. तो आला की रडेल. मग त्यात त्याची काही चूक नाही, हे मलाच त्याला समजावत बसावं लागेल. तेवढा दम आता माझ्यात नाही."

मी फोन खाली ठेवला. का ठेवला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

भाऊजी, मागच्या महिन्याच्या वीस तारखेला दुपारी तुमचे दादा गेले. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले, कारण हे वाक्य लिहवत नव्हतं. श्वास फार लागला तेव्हा मी त्यांचं न ऐकता अँब्युलन्स बोलावली. ती आली. त्या दिवशी गाडी अगदी दारापर्यंत आली. त्याच रस्त्याने गेली, उतारावरून, पुलावरून, सगळे थांबे घेत घेत बस जायची तिथूनच. पुलावर असताना यांनी माझा पदर सोडला. त्यानंतर कोणी घाई केली नाही.

शेवटचे सगळे सोपस्कार सुताराने आणि वस्तीतल्या लोकांनी केले. तुम्हाला सगळं आटोपल्यावरच कळवायचं, हे तुमच्या दादांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायला सांगितली होती: माझा त्याच्यावर राग नाही, पैसेच नसतील तर तो तरी गाड्या कुठून चालवणार, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. हे त्यांचे शब्द आहेत. मी एकही बदललेला नाही. तुम्ही सहावीत असताना आईवेगळे या घरात आलात, तेव्हापासून त्यांनी तुमचं कधी काही मनाला लावून घेतलं नाही. जातानाही नाही.

मी काय करावं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

गेले दोन आठवडे मी रोज कागद घेऊन बसते. माझ्याही मनात काही नाही, एवढं एक वाक्य लिहायचं होतं. ते आलं असतं तर पत्र तेव्हाच टाकलं असतं. त्याची वाट बघण्यात अर्थ नाही असं आज सकाळी वाटलं, म्हणून त्याच्याशिवायच पाठवते आहे.

तुम्ही याल. येऊ नका म्हणणारी मी कोण, घर तुमचंही आहे. दार उघडीन, ताट वाढीन, त्यांची खोली दाखवीन. त्यापलीकडे माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवू नका. तुमची समजूत घालणारा माणूस आता या घरात नाही.

जाऊबाईंना हे तुम्हीच सांगा. मुलींना सांभाळून सांगा, त्यांचा काकांवर फार जीव होता.

तुम्हाला तुमच्या दादांचे अनेक आशीर्वाद.

— वहिनी